निळ्या डोळ्याचं घराणं

"माझ्या घोड्यांत भेसळ नाही," व्हर्डी हॅलक एकदा म्हणाली.

म्हणाली तेव्हा ती माझ्या खाणावळीत लांब टेबलाच्या टोकाला बसून ताटलीतला रस्सा पावाने पुसून खात होती. समोर बाहेरगावचं एक जोडपं होतं. दिवसभर तिच्या गाडीतून हिंडून, डोंगरावरचे मोकाट घोडे बघून आलेलं, उन्हाने नाकं सोलवटलेलं. दोघं माना डोलवत होती. डनफर्डला बाहेरून आलेली माणसं सारखी माना डोलवतात. इथल्या वाऱ्यात तोंड उघडलं की वाळूच आत जाते.

"भेसळ नाही," तिने पुन्हा सांगितलं आणि माझ्याकडे वळली. "या रश्श्याचं तसं म्हणता येणार नाही. मेंढी म्हणून काय घातलंस गं, मायते?"

"म्हातारी मेंढी," मी म्हटलं. "आडनाव विचारायचं राहून गेलं."

जोडपं हसलं. व्हर्डी हसली नाही. आडनावाची चेष्टा तिला खपत नसे.

'माझे घोडे' असं ती ज्यांना म्हणायची ते तिचे नव्हते, कुणाचेच नव्हते. गावामागे किटलीसारखा डोंगर आहे. त्याला चोच आहे, मूठ आहे. पाणी तेवढं नाही. त्याच्या घळींतून ते कळपाकळपाने फिरायचे, खारवट डबक्यांचं पाणी प्यायचे, हिवाळ्यात एकमेकांच्या शेपट्या खायचे. अशा घोड्यांना व्हर्डीने राजघराणं मिळवून दिलं होतं. चारशे वर्षांपूर्वी स्पेनहून अमेरिकेत जहाजं आली, त्यांतून राजाच्या पागेतले घोडे उतरले, त्यांतले काही निसटले, आणि बाकीचं सगळं जग ओलांडून नेमके आमच्या किटलीवर येऊन राहिले. तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या रक्ताला शिवू दिलं नाही. एवढं सोवळं आमच्या गावात पाद्रीसुद्धा पाळत नसे.

पुरावा म्हणून ती वरच्या घळीतला कळप दाखवायची. त्या कळपाचा नर मोठा, जाड मानेचा, तांबूस अंगावर पांढरे केस मिसळलेला. कपाळापासून नाकपुडीपर्यंत तोंड पांढरंफटक आणि एक डोळा निळा. खुरांवर केसांची अशी झालर की चालताना पायजमा घातल्यासारखा वाटे. व्हर्डीने त्याचं नाव ठेवलं होतं डॉन. निळा डोळा ही राजाच्या पागेची खूण. पायाची झालर ही चिलखत घातलेल्या सरदारांना वाहून नेणाऱ्या युद्धघोड्यांची खूण. बायका ऐकताना गळ्याशी हात न्यायच्या. मग समोरच्या तिच्या दुकानात जाऊन प्लॅस्टरचा, निळ्या डोळ्याचा घोडा विकत घ्यायच्या. दुकानाच्या एका बाजूला हे घोडे, दुसऱ्या बाजूला जनावरांचं खाद्य.

गाव ऐकून घ्यायचं. गावाला फायदा होता. माझ्या खाणावळीतही त्या माणसांनी रस्सा ओरपलाच. पण एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नसे. स्पेनच्या डोंगरातून इथे खरोखर कुणी आलं असेल तर ते आम्ही बास्क. माझे वडील पेलो तिकडून मेंढ्या वळायला आले, आणि ते वारले त्या वर्षीपर्यंत या गावाने त्यांना 'काळा बास्क' म्हटलं. तिकडचा घोडा आला की राजा, आणि तिकडचाच माणूस आला की मेंढका.

व्हर्डीने स्वतःलाही असंच वर चढवून ठेवलं होतं. हॅलक म्हणजे गुरंवाले, पहिल्या कळपांबरोबर आलेले, असं ती सांगे. टोपी तशी घाले, पट्ट्याचं बक्कल तसं मोठं. लग्न तिने केलं नाही. तिच्या तोलाचं या खोऱ्यात कुणी नव्हतं, असा एक समज होता. तो तिनेच पसरवला होता. ऐन तारुण्यात ती शहरात नोकरीला होती. तिथून परतली ती हे सगळं घेऊनच, जशी माणसं नवं फर्निचर घेऊन येतात.

खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. हॅलक गुरंवाले नव्हते. तिचा बाप एमेट हॅलक नांगर घेऊन आलेला माणूस. नांगर चालवला की मागोमाग पाऊस येतो, असं कुणीतरी त्याला आगगाडीत बसवताना सांगितलं होतं, आणि असल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारी माणसं त्या काळी डब्याडब्याने मिळत. करडी झुडपं उपटून त्याने गहू पेरला. गव्हाच्या जागी धूळ उगवली. त्याच्याकडे नांगराचा एक प्रचंड घोडा होता, मेजर नावाचा. पांढऱ्या तोंडाचा, एका निळ्या डोळ्याचा, पायाला झालर असलेला.

दुष्काळाच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी एमेटने घर सोडायचं ठरवलं. मेजरला विकत घ्यायला कुणी नव्हतं, आणि त्याला गोळी घालायची एमेटच्यात धमक नव्हती. या खोऱ्यात असं झालं की जनावर किटलीवर सोडून द्यायची रीत. एमेटने सोडला. पण मेजर जाईना. अंगावरचं सगळं सामान काढल्यावरही तो कुंपणाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, जुंपायची वाट बघत. दुसऱ्या दिवशीही तसाच उभा. मग एमेटने दगड गोळा केले आणि पोरीच्या हातात दिले, कारण घोडा तिच्या मागे मागे फिरायचा. तिनेच हाकलला तर जाईल असा त्याचा हिशोब.

हे माझ्या वडिलांनी डोंगराच्या सोंडेवरून पाहिलं. मेंढ्या तिथे चरत होत्या. आईला सांगताना ते एकच वाक्य बोलले: "मेंढ्यांना मी रोज दगड मारतो गं, पण त्या पोरीसारखा रडत रडत कधी मारला नाही."

मेजर गेला. वरच्या घळीत जाऊन राहिला, आणि घोड्याने जे करायचं ते त्याने मरेपर्यंत केलं.

तर हे राजघराणं. आणि मेजर एकटाच नव्हता. किटली हा या खोऱ्याचा उकिरडा होता. खाणी बंद पडल्या तेव्हा वॅगन ओढणारी ठेंगणी तट्टं तिकडे गेली. घोडदळाने म्हातारे झालेले घोडे तिथे सोडले. ट्रॅक्टर आला त्या साली खोऱ्यातले निम्मे घोडे एका उन्हाळ्यात वर गेले. सॅडलरांच्या जुन्या म्हाताऱ्याने तर वेगळाच उद्योग केला. पाणवठ्यावर दबा धरून तो किटलीवरचे नर बंदुकीने टिपायचा आणि आपल्या पागेतला उंच इंग्लिश घोडा त्यांच्या माद्यांत सोडायचा. मग दोनतीन वर्षांनी शिंगरं धरून लष्कराला विकायची. आईबाप कोण ते लष्कर विचारत नसे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आमच्या उकिरड्याचे फिटले ते व्हर्डी हॅलकच्या जिभेने.

आणि तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही. हा आमच्या गावाचा एकमेव धर्म. माणसाबद्दल पाठीमागे वाटेल ते बोलावं, तोंडावर बोलू नये. कारण पुढचं जेवणाचं टेबल शंभर मैलांवर आहे, आणि आजचा माणूस उद्याही समोर बसणार. व्हर्डीच्या दुकानात, गल्ल्यामागे, एक आरसा टांगलेला होता. त्याची चौकट म्हणजे नांगराच्या घोड्याच्या गळ्यात घालायचं चामड्याचं जोखड. लांबट गोल, आत पेंढा भरलेलं, माणसाच्या मांडीएवढं जाड. अशी जोखडं आरशाला लावायची इकडे फॅशनच आहे. पण एवढं मोठं दुसरीकडे कुठे दिसायचं नाही. कुणी विचारलं तर ती म्हणे, "कुठल्याशा लिलावात मिळालं." आम्ही त्यात बघून केस नीट करायचो आणि म्हणायचो, "छान आहे हो."

मग तीन कोरडे हिवाळे लागोपाठ आले. सरकारी जमीन खात्याने डेल ऑस्ट्रँडर नावाचा साहेब पाठवला. पूर्वेकडून बदलून आलेला, सरळ भांग, सरळ स्वभाव. त्याने गावात येऊन सांगितलं की किटलीवर गवत उरलेलं नाही. सगळे घोडे उतरवून, ट्रकांत भरून दूरच्या कोंडवाड्यांत न्यावे लागतील. काहींना कुणी घरी नेईल, बाकीचे तिथेच उभे राहून म्हातारे होतील. रक्तात काही विशेष आढळलं तर एखादा कळप डोंगरावर ठेवता येईल.

"विशेष?" व्हर्डी ताडकन उठली. "साहेब, तुम्ही नवे आहात म्हणून माफ करते. तपासा की रक्त!"

"केसांवरून कळतं, मिस हॅलक. आयाळीतले मुळासकट उपटलेले केस लागतात. पण त्यासाठी घोडा हातात हवा. वरच्या घळीत हेलिकॉप्टर शिरत नाही."

"मी आणून देते."

शहाणं माणूस इथे थांबलं असतं. व्हर्डी थांबली नाही. कारण एव्हाना ती स्वतःचंच ऐकत होती, आणि चांगलं सांगणाऱ्याचा पहिला बळी तो स्वतःच असतो.

तिच्याकडे एक घोडी होती, इसाबेला. डॉनच्याच कळपातली, शिंगरू असताना धरून आणलेली. डब्यात ओट खुळखुळवले की ती कुठूनही धावत यायची. रानातले घोडे धरणारे असलं माणसाळलेलं जनावर वापरतात. कोंडवाड्याच्या तोंडापाशी त्याला सोडायचं. ते दाण्याच्या ओढीने आत पळतं, आणि रानातले घोडे, पुढे वाट माहीत असलेला कुणीतरी आहे अशा समजुतीने, त्याच्या मागे आत येतात. अशा घोडीला आमच्याकडे फितूर म्हणतात.

मला ती सकाळ आठवते. निम्मं गाव थर्मास घेऊन टेकाडावर बसलं होतं. दुसऱ्याची वस्तू जाताना बघायला आम्ही कधी चुकलो नाही. घळीच्या तोंडाशी गोणपाटाची कुंपणं दोन्ही बाजूंनी निमुळती होत गेली होती आणि टोकाला लोखंडी कोंडवाडा होता. व्हर्डीने भल्या पहाटे इसाबेलाला घळीत वर सोडून दिलं होतं. आता ती स्वतः कोंडवाड्यामागे उकिडवी बसली, पंचाहत्तरीची बाई, नवी टोपी घालून, आणि ओटांचा डबा खुळखुळवायला लागली.

"चांदीच्या घंटा वाजवायला हव्या होत्या," माझ्या शेजारी हूट सॅडलर म्हणाला. हा त्या नर टिपणाऱ्या म्हाताऱ्याचा नातू. "राजेसाहेब डब्याच्या आवाजावर येतात का?"

"गप बस, हूट," लोरीन मोझ म्हणाली. लोरीन शोशोनी, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासींच्या वस्तीतली, शाळेची बस चालवायची. "तूही ताटाच्या आवाजावरच येतोस."

इसाबेला आली. खाली मान, दुडक्या चालीने, घरी येतात तशी. तिच्या मागे घोड्या, शिंगरं, धूळ. सर्वांत शेवटी डॉन. गोणपाटाशी तो एकदा थांबला. मान वर केली. त्या पांढऱ्या तोंडातला निळा डोळा टेकाडावरून सुद्धा दिसत होता. डबा खुळखुळतच राहिला. मग तो आत आला, आणि दार लागलं.

व्हर्डी उठली, गुडघे झाडले आणि आमच्याकडे बघून ओरडली, "पाहिलंत? कसा आला! दरबारात आल्यासारखा!"

लोरीनने थर्मासचं झाकण लावलं. "स्वतःच्या हाताने," एवढंच ती पुटपुटली.

केसांच्या तपासणीचा निकाल यायला थंडी पडली. तोवर घोडे खोऱ्यातच सरकारी कोंडवाड्यात होते. व्हर्डी रोज जायची, कुंपणाबाहेरून त्यांच्याशी बोलायची. डॉन तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. आणि घोड्यांचं हे घराणं आता सरकारदरबारी नोंदलं जाणार असं धरून ती गावभर बोलत सुटली. पाववाल्यापासून पाद्रीपर्यंत सगळ्यांना स्पेन पाठ झाला. केशकर्तनालयाच्या दारावर कुणीतरी स्पॅनिश सरदाराचं शिरस्त्राण रंगवलं. ते बादलीसारखं दिसत होतं.

शाळेच्या हॉलची भट्टी बंद होती, म्हणून ऑस्ट्रँडरने सभा माझ्या खाणावळीत घेतली, रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर. टेबलावर अजून रश्श्याची भांडी होती. व्हर्डी मधोमध बसली होती, बक्कल घासून चकचकीत केलेलं. साहेबाने चष्मा लावला. त्याला हे काम आवडत नव्हतं, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन.

"वरच्या घळीतल्या कळपात," तो म्हणाला, "सर्वांत जास्त रक्त नांगराच्या घोड्यांचं आहे. त्यानंतर स्वारीचे इंग्लिश घोडे. मग लहान तट्टं. मग इकडचे साधे गुराख्यांचे घोडे."

"आणि स्पेन?" व्हर्डीने विचारलं.

"आहे ना. रस्त्यावरच्या कुठल्याही घोड्यात सापडेल, तेवढं."

कुणाचा तरी चमचा ताटलीवर पडला. मग हूट सॅडलर हसला. तो हसला की आधी खोकतो, त्यामुळे सगळ्यांना तयारीला वेळ मिळाला.

"म्हणजे स्पेनचा राजा नांगर धरत होता म्हणायचा! बाईसाहेब, सरदारांच्या चिलखताचं काय? त्यात बटाटे भरायचे का?"

सगळी खाणावळ हसली. मीही हसले, ती संधी मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. व्हर्डीची मान ताठच होती. फक्त तिचा हात टेबलावर उगाचच पावाचे कण गोळा करत होता.

"मिस हॅलक, मला वाईट वाटतं," ऑस्ट्रँडर म्हणाला. "पण यात विशेष काही नाही. ट्रक उद्या निघतील. डॉनचाही."

आता हसू ओसरलं. ट्रक हा शब्द ऐकल्यावर गावाला एकदम समजलं की किटली रिकामी होणार. उन्हाळ्यात कुणी येणार नाही. आणि वर पाहिलं तर डोंगरावर काही हलणार नाही. इतकी वर्षं ते सगळं फुकट हलत होतं.

"थांबा हो साहेब," लोरीन म्हणाली. "विशेष म्हणजे काय? राजाचं रक्त तेवढं विशेष? तुम्ही आता जे वाचलंत ते माहितेय काय आहे? ते या गावाचं जेवणाचं टेबल आहे. हे बघा, असं बसलेलं. आमच्या आज्यांचे घोडे त्यात आहेत. तुम्हा सगळ्यांच्या आधीचे."

"तुमच्याकडे कुठून आले गं मग?" हूट म्हणाला.

"चोरले. तुझ्यासारख्यांकडून. त्यात लाजायचं काय?"

ऑस्ट्रँडरने चष्मा काढला. "हे खरं असेल तर गोष्ट वेगळी," तो हळूच म्हणाला. "खोऱ्याचा स्वतःचा वारसा असेल तर एक कळप परत सोडायची शिफारस मी करू शकतो. पण मला काहीतरी दाखवावं लागेल."

झालं. दोन महिने जे गाव स्पेनमधून उतरत होतं ते त्या दुपारी दहा मिनिटांत आपापल्या गोठ्यात उतरलं. हूटला एकाएकी आजोबांचा अभिमान वाटू लागला. "माझ्या आजोबांनी पाणवठ्यावर नर टिपले आणि आपला घोडा सोडला. ते उंच रक्त आमचं, साहेब. लिहून घ्या." खाणवाल्यांच्या नातवाने तट्टांवर हक्क सांगितला. पाद्रीणबाईंना आठवलं की त्यांच्या मावशीचा दूधगाडीचा घोडा फार गोड होता. मीही उठून वडिलांच्या लंगड्या सामानवाहू घोडीबद्दल बोलले. औरस म्हणून मिरवायला जेवढी चढाओढ होती तेवढीच आता अनौरस म्हणून. माणसाला आपला वंश कुठून तरी सुरू झालेला हवा असतो. कुठून, त्याचं त्याला फारसं नसतं.

ऑस्ट्रँडर सगळं ऐकत होता. शेवटी त्याने हात वर केला.

"आजोबा प्रत्येकाला असतात," तो म्हणाला. "गोष्टी मी वर पाठवू शकत नाही. आणि तुम्ही सगळे कडेकडेचं सांगताय. या कळपात सर्वांत जास्त आहे तो नांगराचा घोडा. पांढरं तोंड, निळा डोळा, पायाला झालर. तो कुणाचा?"

रश्श्यावर साय धरत होती. हूटने तोंड उघडलं. लोरीनने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला हे त्याच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं. कुणी व्हर्डीकडे बघितलं नाही. आमचा धर्म आम्ही पाळत होतो, आणि पाळताना किती सोज्वळ दिसतो याची आम्हाला जाणीव होती. तिने तोंड उघडलं तर हॅलक गुरंवाले नव्हते हे तिच्याच तोंडून बाहेर पडणार होतं. नाही उघडलं तर डॉन ट्रकात. बाकी काही उरलं नव्हतं. एवढंसं वाक्य होतं ते. 'माझ्या बापाचा.' ते बोलायला या बाईला सारं आयुष्य पुरलं नव्हतं.

"कुणालाच माहीत नाही?" साहेबाने विचारलं.

व्हर्डी उठली. टोपी घातली. कोटाची बटणं एकेक लावली, खालून वर, आणि दार उघडून बाहेर गेली.

"गेली," हूट म्हणाला. "नाक राहिलं, घोडा गेला."

"तुझं तरी काय राहिलंय?" लोरीन म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

मी खरं सांगते, मला समाधान वाटलं. ती अशीच जाणार हे मला माहीत होतं, आणि माणसं आपल्याला माहीत होती तशीच निघाली की एक प्रकारचं समाधान वाटतं, वाईट असलं तरी. मी भांडी उचलायला लागले. ऑस्ट्रँडरने कागद एकत्र केले.

तेवढ्यात समोरून काच फुटल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा, मग बारीक तुकडे लाकडावर झाडल्यासारखा. मी खिडकीशी गेले. रस्त्यापलीकडे तिच्या दुकानाचं दार सताड उघडं होतं. आतून ती बाहेर आली. दोन्ही हातांनी पोटाशी काहीतरी धरलेलं, जड, त्यामुळे मागे रेलून चालत होती. रस्ता ओलांडताना मध्येच थांबली, दम घेतला, पुन्हा निघाली. मदतीला कुणी गेलं नाही. मीसुद्धा.

दार तिने खांद्याने ढकललं. सरळ टेबलापाशी आली आणि हातातलं ओझं साहेबाच्या कागदांवर ठेवलं. ताटल्या खडखडल्या.

ते जोखड होतं. आरसा नसलेलं. कडेला काचेचे दातरे अजून अडकलेले होते आणि त्यातल्या एकाने तिचं मनगट कापलं होतं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने जोखड उलटं केलं. आतली बाजू, जी इतकी वर्षं भिंतीकडे होती, ती वर आली. घामाने काळं पडलेलं चामडं, उसवलेल्या शिवणीतून डोकावणारा पेंढा, आणि त्या शिवणीत, घट्ट अडकून राहिलेले, आखूड तांबूस आणि पांढरे केस.

चामड्यावर, खालच्या बाजूला, खिळा तापवून अक्षरं काढलेली होती, वाकडीतिकडी, ज्याला लिहायची सवय नाही अशा हाताची: ए. हॅलक.

ऑस्ट्रँडरने चष्मा पुन्हा लावला. तो वाकला. दोन बोटांनी त्याने शिवण जराशी फाकवली आणि एक केस सावकाश ओढून उजेडाकडे धरला. टोकाला मूळ होतं.

"मिस हॅलक," तो म्हणाला, "हे तुमच्या—"

हूटने खोकायला सुरुवात केली होती. हसण्याआधीचा तो खोकला. पण या वेळी खोकून झाल्यावर काही आलं नाही. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

व्हर्डीने माझ्या टेबलावरचा रुमाल उचलला, मनगटाला गुंडाळला. क्षणभर तिचा दुसरा हात जोखडावर होता, वरच्या वळणावर, जिथे घोड्याची आयाळ येते. एखादी लहान पोर, पाठीवर चढता येत नाही म्हणून, जिथे हात ठेवून उभी राहील तिथे. मग तो तिने काढून घेतला, आमच्यातल्या कुणाकडेही न बघता वळली, आणि बाहेर निघून गेली.